हडपसर जिंकलं, पण शिक्का सिंहगडाकडे गेला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. माझं अडखळणं आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचा कोरस काढून टाकलाय. बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

मी राहतो धायरीत आणि ऑफिस आहे हडपसरला. पुण्यात राहणाऱ्यांना एवढं सांगितलं की पुढचं दुःख वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी धायरी फाटा, वडगाव, राजाराम पूल, मग पर्वतीच्या पायथ्याचा दांडेकर पूल, स्वारगेट, पुलगेट आणि हडपसर. संध्याकाळी हेच सगळं उलट. दोन वर्षं हा रस्ता रोज तुडवल्यावर मला एका पुस्तकात कळलं की, माझा संध्याकाळचा रूट साधारण २२० वर्षांपूर्वी एका पेशव्यानेही घेतला होता. तेही ऐन दिवाळीत, आणि जीव मुठीत धरून.

तारीख २५ ऑक्टोबर १८०२. त्या दिवशी हडपसर, घोरपडी, वानवडी या पट्ट्यात मोठी लढाई झाली. एका बाजूला दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंद्यांची फौज, दुसऱ्या बाजूला यशवंतराव होळकर. दुपारपर्यंत निकाल लागला. पेशवे हरले आणि पर्वती, वडगाव करत सिंहगडावर पोचले. म्हणजे ते आमच्या धायरीच्या अगदी शेजारून गेले.

दोन्ही बाजू मराठ्यांच्याच होत्या, हे लक्षात घ्या. मोगल नाही, निजाम नाही, इंग्रज तर लढाईत नव्हतेच. ते पुण्यातच बसून बघत होते. शाळेच्या पुस्तकात या लढाईला फार तर दोन ओळी मिळतात, कारण आपल्याच लोकांनी आपल्याच राजधानीच्या वेशीवर एकमेकांना तोफांनी उडवलं, हे सांगायला अवघड जातं. हे यादवी युद्ध होतं. आणि आजची गोष्ट त्यातल्या बंडखोराची आहे.

त्याआधी तिघांची वयं सांगतो, कारण मला स्वतःला यानेच धक्का बसला. बाजीरावांचा जन्म १७७५ चा, यशवंतरावांचा १७७६ चा आणि दौलतराव शिंद्यांचा १७७९ चा. म्हणजे १८०२ साली तिघेही विशीत. आपल्या चित्रात बाजीराव दुसरे म्हणजे कायम कुणीतरी म्हातारा, कारस्थानी माणूस असतो. लढाईच्या दिवशी ते माझ्यापेक्षा लहान होते!

मग मोठी माणसं कुठे गेली? एकामागोमाग एक वारली. महादजी शिंदे १७९४ ला, वानवडीलाच. अहिल्याबाई होळकर १७९५ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव. तुकोजीराव होळकर १७९७ ला. आणि नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये. सहा वर्षांत सगळा जाणता थर संपला. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ज्यांनी सिस्टीम उभी केली ते सगळे सिनियर गेले, काहीच कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि ॲडमिनचे पासवर्ड तीन पोरांच्या हातात. त्यात तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

आता यशवंतरावांचं घर बघू. तुकोजीरावांना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे लग्नाच्या बायकोचे, विठोजी आणि यशवंतराव हे तसे नव्हते. यशवंतरावांचं जन्मगाव खेड तालुक्यातलं वाफगाव, इथून दोन-अडीच तासांवर. तिथे होळकरांचा भुईकोट किल्ला आहे आणि त्यात अनेक वर्षं शाळा भरत होती.

औरस नसणं हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर फिरतं. दौलतीवर पहिला हक्क काशीरावांचा. पण ते शरीराने दुबळे आणि दौलतराव शिंद्यांच्या पूर्ण कह्यात गेलेले. कर्तबगार होते मल्हारराव, म्हणून दोघे धाकटे भाऊ त्यांच्या बाजूने उभे राहिले. तुकोजीराव ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले आणि जेमतेम महिन्याभरात, १४ सप्टेंबरला, शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांच्या छावणीवर छापा घातला. छावणी होती भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला. मल्हारराव तिथेच मारले गेले. त्यांची बायको गरोदर होती. तिला पुढे मुलगा झाला, खंडेराव. मायलेकरं शिंद्यांच्या ताब्यात गेली.

विठोजी आणि यशवंतराव निसटले. यशवंतराव आसरा मागायला नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. भोसल्यांनी आधी ठेवून घेतलं आणि नंतर पुण्याहून दबाव आल्यावर कैदेत टाकलं. तिथून १७९८ च्या वसंतात ते पळाले. खिशात पैसा नाही, पाठीशी फौज नाही. धारच्या पवारांकडे काही काळ चाकरी केली. मग माणसं जमवायला लागले. भिल्ल, पेंढारी, पठाण, नोकरी सुटलेले शिलेदार, जो येईल तो. अमीरखान पठाण याच काळात त्यांना येऊन मिळाला. वर्षाच्या आत त्यांनी काशीरावांच्या बाजूच्या फ्रेंच सेनापती द्युद्रनेकच्या कवायती पलटणींना हरवलं आणि महेश्वर घेतलं. विशीतला हा माणूस आता होळकरांच्या दौलतीचा खरा मालक झाला होता. मध्येच कधीतरी बंदूक हातात फुटून एक डोळा गेला, तोही या धावपळीत.

पण कागदावर ते कुणीच नव्हते. जे काही चाललं होतं ते लहानग्या खंडेरावाच्या नावाने. आपण पुतण्याचे कारभारी, एवढंच ते अधिकृतपणे म्हणू शकत होते. मराठेशाहीत सरदारकी पक्की व्हायची ती पेशव्यांनी वस्त्रं दिली, शिक्कामोर्तब झालं की. तोपर्यंत तुमच्याकडे कितीही तोफा असोत, तुम्ही पुंड. माझं म्हणणं असं आहे की, यशवंतरावांची पुढची सगळी धडपड या शिक्क्यासाठी होती. पेशवाई मोडायला ते निघाले नव्हतेच. पेशव्यांनी आपल्याला होळकर म्हणून मान्य करावं, खंडेरावाला सोडावं, आणि शिंदे-होळकर पुन्हा बरोबरीने बसावेत, एवढंच त्यांना हवं होतं. बंड करून पुन्हा त्याच दरबारात जागा मागायची!

त्यात १८०१ चा एप्रिल आला. विठोजी पंढरपूरच्या बाजूला लुटालूट करत फिरत होते. पेशव्यांच्या फौजेने त्यांना पकडून पुण्यात आणलं. १६ एप्रिलला शनिवारवाड्यापुढे, पेशव्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांना हत्तीच्या पायाला बांधून मारलं. विठोजी काही संत नव्हते, लोकांची गावं त्यांनी खरंच लुटली होती. पण एका मोठ्या सरदाराच्या मुलाला असं मारणं म्हणजे समेटाचा दरवाजा आतून खिळे ठोकून बंद करणं. त्याला कैदेत ठेवून यशवंतरावांशी बोलणी करता आली असती. हातातला हुकमाचा पत्ता बाजीरावांनी स्वतः फाडला.

यानंतरचं वर्ष माळव्यात गेलं. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी कापल्या. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूरला त्यांचा पराभव केला आणि इंदूर धुऊन काढलं. असं एक तुझं, एक माझं. मग १८०२ मध्ये यशवंतरावांनी ठरवलं की, माळव्यात भांडून काही होणार नाही, शिक्का पुण्यात आहे. खानदेश, नगर असं करत ते दक्षिणेत उतरले. वाटेत पेशव्यांना निरोप जात होते आणि मागण्या त्याच होत्या. खंडेराव तेव्हा असीरगडावर अडकलेला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांच्या फत्तेसिंग मान्यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेला उडवलं. आणि मग हडपसर.

लढाई सकाळी तोफांनी सुरू झाली. दौलतराव स्वतः नव्हते, ते उत्तरेत होते. त्यांच्या फौजेचं नेतृत्व सदाशिवपंत भास्कर करत होते. त्यांच्याकडे द बॉयनने महादजींच्या काळात उभ्या केलेल्या जुन्या, नावाजलेल्या पलटणी होत्या, डॉस नावाच्या युरोपियन कप्तानाच्या हाताखाली. यशवंतरावांकडेही व्हिकर्स, हार्डिंग असे युरोपियन अधिकारी होतेच. सुरुवातीला होळकरांचं घोडदळ फुटलं. तेव्हा यशवंतराव स्वतः घोड्यावर बसून पुढे झाले, पळणाऱ्यांना फिरवलं आणि थेट तोफखान्यावर हल्ला चढवला. हार्डिंग मारला गेला. समोरचा डॉसही पडला. तोफा हातात आल्या आणि शिंद्यांची फळी मोडली.

बाजीराव मैदानापासून लांबच होते. हार कळताच ते निघाले. आज हडपसरच्या पुलाखाली सिग्नलला थांबलं की मला वाटतं, तोफांचा आवाज इथून पर्वतीपर्यंत सहज पोचत असेल. तेव्हा मध्ये काय होतं? शेतं, ओढे आणि मोकळं माळरान.

आता इथे एक मिनिट थांबा. पेशवे पळाले हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दिवशी झालेली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पुण्यात तेव्हा कंपनीचा रेसिडेंट होता, कर्नल बॅरी क्लोज. कंपनी कित्येक महिने पेशव्यांच्या मागे लागली होती की आमची तैनाती फौज ठेवून घ्या. बाजीराव टोलवत होते. खरं तर ते यात हुशार होते, कारण ही फौज म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. पण लढाईच्या दिवशी निघता निघता त्यांच्या कारभाऱ्याकडून क्लोजकडे होकार पोचला. सहा पलटणी ठेवू, त्यांच्या खर्चाला मुलूख तोडून देऊ. यशवंतराव ज्या शिक्क्यासाठी आले होते, तो शिक्का त्यांनी हडपसर जिंकलं त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी कागदाकडे निघाला होता.

यशवंतरावांना हे लगेच कळलं नसणार. त्यांनी सिंहगडावर निरोप पाठवले की, परत या, तुम्हीच धनी. शहराला सुरुवातीला त्यांनी हात लावू दिला नाही, पहारे बसवले. क्लोजला भेटून मध्यस्थी करा असंही म्हणाले. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला एवढं बोलावणं जरा विचित्र वाटतं, पण मघाचा मुद्दा धरला तर सगळं जुळतं. पेशव्याशिवाय त्यांच्या विजयाला किंमत नव्हती. बाजीराव मात्र परत यायला तयार नव्हते. विठोजीच्या भावापुढे जाऊन उभं राहायची हिंमत त्यांना कुठून होणार? सिंहगडावरून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग करत, शेवटी इंग्रजांच्या जहाजातून ते डिसेंबरमध्ये वसईला पोचले. मागावर होळकरांची फौज गेली होती, पण पेशवे हाती लागले नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. सहा पलटणी कायमच्या, त्यांच्यासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी लढाई नाही की तह नाही.

इकडे पुण्यात यशवंतरावांनी दुसरा उपाय करून पाहिला. बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांना बोलावलं आणि त्यांच्या मुलाला, विनायकरावाला, पेशवा करायचं ठरवलं. पण पेशवेपदाची वस्त्रं द्यायची ती साताऱ्याच्या छत्रपतींनी, आणि साताऱ्याहून मनापासून होकार येईना. म्हणजे एका शिक्क्यासाठी आता दुसरा शिक्का हवा! चार महिने हेच चाललं.

आणि या चार महिन्यांत पुणं लुटलं गेलं. हे मला गुळगुळीत करून सांगायचं नाहीये. यशवंतरावांवरच्या ज्या रील्स सध्या फिरतात, ‘भारताचा नेपोलियन’ वगैरे, त्यात हा भाग गायब असतो. फौजेचा पगार थकला होता. पेंढारी-पठाणांची फौज पगाराशिवाय बसून राहत नाही. मग आधी खंडणी बसवली, नंतर सावकारांच्या, ब्राह्मणांच्या, व्यापाऱ्यांच्या घरांत शिरून, मारहाण करून पैसा काढला. पुण्याने हे सोसलं. होळकरांची लूट शहराच्या आठवणीत पुढे कितीतरी वर्षं राहिली.

पण दुसऱ्या बाजूलाही माझं एक म्हणणं आहे. चारच वर्षं आधी, १७९८ मध्ये, याच शहरात सर्जेराव घाटग्यांनी दौलतरावांसाठी अशीच वसुली केली होती, लोकांना चटके देऊन. तेव्हा गादीवर बाजीरावच होते. त्या लुटीची आठवण एवढी ठळक का नाही? मला वाटतं, सत्तेच्या बाजूने झालेल्या लुटीला वसुली म्हणायची सोय असते, बंडखोराने केली की ती लूट होते. ज्याच्या माजघरातला हंडा खणून नेला, त्याला अर्थातच या फरकाने काही दिलासा मिळत नाही.

मार्च १८०३ मध्ये यशवंतराव पुणं सोडून निघाले. २० एप्रिलला आर्थर वेलस्ली, तोच, पुढे नेपोलियनला हरवणारा, पुण्यात शिरला. १३ मे ला बाजीराव इंग्रजी पलटणींच्या पहाऱ्यात गादीवर परत बसले.

यानंतर जे झालं ते वाचताना मला सगळ्यात जास्त चिडचिड झाली. वसईचा तह बघून दौलतराव शिंदे घाबरले. आता त्यांना यशवंतरावांची गरज वाटायला लागली, म्हणून त्यांनी खंडेरावाला सोडलं आणि होळकरांचा मुलूख परत करायचं कबूल केलं. म्हणजे ज्यासाठी हडपसरला हजारो माणसं मेली, ते काही महिन्यांत एका बोलणीत मिळालं. हीच बोलणी वर्षभर आधी झाली असती तर?

पण जखमा जुन्या होत्या. सप्टेंबर १८०३ मध्ये असईला आणि नोव्हेंबरमध्ये आडगावला शिंदे-भोसले इंग्रजांकडून हरले, तेव्हा यशवंतराव आलेच नाहीत. मल्हाररावाला मारणाऱ्याच्या मदतीला जायचं, आणि ज्यांनी कैदेत टाकलं त्या भोसल्यांच्या? माणूस म्हणून मला ते समजतं. सेनापती म्हणून ती चूक होती, आणि मोठी होती.

ती त्यांना लगेच कळली असावी, कारण पुढच्या वर्षी ते एकटेच लढायला उभे राहिले. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्याच्या दिशेने असं पळवलं की, तोफा, सामान, माणसं, सगळं वाटेत टाकत ती फौज परतली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीला वेढा घातला, तो फसला. नोव्हेंबरमध्ये फर्रुखाबादला लॉर्ड लेकने पहाटे अचानक गाठून त्यांच्या घोडदळाची वाताहत केली. मग भरतपूरच्या जाटांनी साथ दिली आणि १८०५ च्या सुरुवातीला लेकचे चार हल्ले त्या मातीच्या तटाने परतवले. शेवटी जाटांनीही तह केला. यशवंतराव पंजाबात रणजितसिंगांकडे मदत मागायला गेले. मिळाली नाही. डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला. बहुतेक मुलूख परत मिळाला आणि इंग्रजांनी त्यांच्याशी एका स्वतंत्र सत्तेसारखा करार केला. पेशव्यांनी जो शिक्का दिला नाही तो लेककडून मिळाला, असं म्हणा हवं तर.

या सगळ्यात एक नाव मात्र विसरलं जातं. हडपसरच्या विजयात ज्याच्या पलटणींचा मोठा हात होता, त्या व्हिकर्सचा यशवंतरावांनी १८०४ मध्ये शिरच्छेद करवला, आणखी दोन युरोपियन अधिकाऱ्यांसकट. इंग्रजांशी आतून संधान आहे, असा संशय होता. तीन युद्धं आणि एवढे विश्वासघात बघितल्यावर माणूस कुणावर विश्वास ठेवेल, सांगता येत नाही. पण त्या क्षणी तो धनीही नागपूरच्या आणि पुण्याच्या धन्यांसारखाच वागला.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते सांगायला जड जातं. यशवंतराव भानपुऱ्याला राहायला गेले. तोफा ओतायचा कारखाना काढला. स्वतः भट्टीपाशी रात्रंदिवस उभे राहायचे. पुन्हा लढायचं, आणि पुढच्या वेळी तोफा आपल्या हव्यात, हे डोक्यात पक्कं होतं. १८०७ मध्ये खंडेराव वारला, जेमतेम नऊ वर्षांचा. पुढच्या वर्षी काशीराव मारले गेले. या दोन्ही मृत्यूंचा संशय यशवंतरावांवर घेतला गेला. १८०८ च्या सुमारास त्यांच्या मनाचा तोल गेला, शेवटी वाचाही राहिली नाही. ऑक्टोबर १८११ मध्ये, पस्तिशीच्या आत, भानपुऱ्यालाच ते गेले.

मागच्या रविवारी मी वानवडीला गेलो होतो. महादजींची छत्री बघितली, सुंदर आहे, जरूर जा. मग त्या लढाईची एखादी खूण, पाटी, काहीतरी मिळेल म्हणून हडपसरपर्यंत गाडी हळूहळू चालवत गेलो. मला तरी काही दिसलं नाही. एका चहाच्या टपरीवर विचारलं तर काका म्हणाले, ‘लढाई? रोज होते, संध्याकाळी सहाला, गाडीतळावर.’ हसलो, चहा प्यायलो आणि पर्वती, वडगावमार्गे घरी आलो. रविवार असून दीड तास लागला.